मॅरेथॉनला नऊ आठवडे आणि नडगीचे दुखणे: सरावाचा भार किती ठेवावा?

धागालेखिका

माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनला आता नऊ आठवडे उरले आहेत. आठवड्यातून चार दिवस धावते, आठवड्याची बेरीज ४५ ते ५० किलोमीटरच्या दरम्यान असते आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा लाँग रन (आठवड्यातील सर्वांत लांब धाव) २६ किलोमीटरचा झाला आहे. गेल्या पंधरवड्यापासून उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखते आहे. सुरुवातीला पहिले दोन-तीन किलोमीटर दुखून पाय गरम झाला की दुखणे थांबत असे. आता धाव संपल्यानंतरही ते काही वेळ रेंगाळते. चालताना किंवा जिने चढताना त्रास होत नाही.

वेळापत्रकानुसार पुढे २८, ३० आणि ३२ किलोमीटरचे लाँग रन आहेत. पूर्ण विश्रांती घेतली तर आजवर कमावलेला दम जाईल अशी भीती वाटते, आणि सराव तसाच चालू ठेवला तर स्पर्धेपर्यंत पाय टिकेल की नाही याची खात्री वाटत नाही. अशा वेळी भार नेमका किती कमी करावा, आणि चुकलेले किलोमीटर नंतर भरून काढावेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फिजिओथेरपिस्ट

भार किती कमी करावा हा प्रश्न दुसरा आहे. दुखते आहे ते नेमके काय, हा पहिला. स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि हाड या तिन्हींचे भार सोसण्याचे आणि भरून येण्याचे गणित वेगवेगळे असते, त्यामुळे एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याचे नुकसान करू शकतो.

बसून नडगीची आतली कड बोटाने वरपासून खालपर्यंत दाबत जा. दुखरा भाग पाच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त लांबीवर पसरलेला असेल, तर ज्याला धावपटू शिन स्प्लिंट म्हणतात तो (अतिभारामुळे नडगीची कड दुखण्याचा) प्रकार असण्याची शक्यता अधिक असते. एका बोटाच्या टोकाखाली मावेल अशी एकच जागा नेमकी दुखत असेल, तिथे सूज असेल, रात्री पडल्यावरही ठणका लागत असेल किंवा त्या एका पायावर उड्या मारताना कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडणाऱ्या बारीक तड्याची, शंका घेतलीच पाहिजे. अशी शंका असेल तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये असा तडा बहुधा दिसत नाही, म्हणून केवळ एक्स-रे स्वच्छ आला एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो.

वाचणाऱ्या इतरांसाठीही एक गोष्ट नोंदवतो. जांघेत खोलवर होणारे दुखणे, नडगीच्या पुढच्या कडेवरील दुखणे आणि पावलाच्या वरच्या भागात मधोमध होणारे दुखणे या जागा धोक्याच्या आहेत. मांडीच्या हाडाची मान, नडगीची पुढची बाजू आणि पावलातील नॅव्हिक्युलर हाड येथील तडे नीट जुळून न येण्याचा किंवा वाढत जाऊन हाड पूर्ण मोडण्याचा धोका जास्त असतो. तिथे 'चार दिवस बघू' हा विचारच करू नये.

जुने धावपटू

धागालेखिकेने एवढे घाबरून जाण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूला कुठे ना कुठे दुखतच असते. जोन बेनॉइट यांचे उदाहरण आठवावे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेच्या अवघ्या १७ दिवस आधी, २५ एप्रिलला, त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. १२ मे रोजी त्यांनी ती निवड स्पर्धा जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. मनाची तयारी असेल तर शरीर साथ देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षक

बेनॉइट यांचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि नेहमी अर्धेच सांगितले जाते. त्यांच्या गुडघ्यात हालचालीला अडथळा आणणारा एक तंतुमय भाग होता आणि तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून टाकला गेला. म्हणजे दुखण्याचे कारणच शरीरातून गेले होते. धागालेखिकेच्या नडगीतून काढून टाकण्यासारखे काही नाही; तिथे हाडाला आणि त्यावरील आवरणाला भरून यायला वेळच द्यावा लागणार आहे. शिवाय बेनॉइट यांच्या मागे कित्येक वर्षांचा मोठा सराव होता आणि १९८३ मध्ये बोस्टनला २ तास २२ मिनिटे ४३ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम त्यांनी केलेला होता. तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या घाईच्या सरावात त्यांच्या दुसऱ्या पायाची हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावली. लंगडा पाय वाचवताना चांगला पाय कसा अडचणीत येतो, हा त्या कथेतला भाग मला जिद्दीपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

पायाला आधार मिळेपर्यंत त्यांनी हातांनी पेडल मारण्याच्या सायकलवर दम टिकवला होता, हेही सहसा कोणी सांगत नाही.

धागालेखिका

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे दाबून पाहिले. दुखरा भाग साधारण हाताच्या पंजाच्या रुंदीएवढा पसरलेला आहे, एका जागी एकवटलेला नाही. डॉक्टरांनाही दाखवले. सध्या स्ट्रेस फ्रॅक्चरची लक्षणे नाहीत, मात्र दुखणे एका बिंदूवर जमू लागले किंवा विश्रांतीतही जाणवू लागले तर लगेच एमआरआय करावा, असे त्यांनी सांगितले आहे. पायावर भार न पडणारा व्यायाम करण्यास त्यांची हरकत नाही.

आता मुख्य चिंता दमाची आहे. दोन आठवडे न धावल्याने किती नुकसान होईल?

प्रशिक्षक

वाटते त्यापेक्षा कमी, आणि त्यातलेही बरेचसे टाळता येण्याजोगे. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांच्या १९८४ मधील अभ्यासात चांगला सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्णपणे थांबवला, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनी ही घट सुमारे १६ टक्क्यांवर गेली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचे प्रमाण कमी झाल्यामुळे, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडल्यामुळे होते, आणि सराव पुन्हा सुरू झाला की ती बऱ्यापैकी लवकर भरून येते. हे आकडे काहीच न करणाऱ्यांचे आहेत. सायकल किंवा खोल पाण्यातील धाव चालू ठेवली तर चित्र बरेच बदलते. १९९७ च्या एका प्रयोगात सरावलेल्या हौशी धावपटूंनी चार आठवडे फक्त खोल पाण्यात, कमरेला तरंगता पट्टा बांधून धावण्याचा सराव केला, आणि त्यानंतर त्यांच्या पाच किलोमीटरच्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही.

पाण्यातील धाव कंटाळवाणी असते हे मान्य करतो. म्हणून तिला वेळापत्रकाचा साचा द्यावा. ज्या दिवशी टेम्पो (सलग वेगाची धाव) असेल त्या दिवशी पाण्यात पाच-पाच मिनिटांचे जोरदार तुकडे, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. ज्या दिवशी हलकी धाव असेल त्या दिवशी तेवढाच वेळ सायकल. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा कमी दिसतात, त्यामुळे घड्याळाऐवजी आपल्याला किती श्रम वाटतात यावर विश्वास ठेवावा.

मात्र यातच पुढचा धोका दडलेला आहे. पाण्यात आणि सायकलवर हृदय तयार राहते. हाडांवर आणि टेंडनवर तो भार पडतच नाही. दोन आठवड्यांनी रस्त्यावर परतल्यावर दम म्हणतो की पंधरा किलोमीटर सहज होतील, आणि पाय मात्र पाचासाठीही तयार नसतात. परतीच्या आठवड्यात पुन्हा दुखावणारे बहुतेक जण धापा टाकत नसतात, त्यांना उलट छान वाटत असते.

फिजिओथेरपिस्ट

प्रशिक्षकांच्या शेवटच्या मुद्द्याला शरीरशास्त्राचा आधार देतो. नव्या भाराला हाड लगेच मजबूत होऊन उत्तर देत नाही. रस्ता नव्याने करताना आधी जुना खणावा लागतो, तसे शरीर प्रथम जुने हाड झिजवून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरून पक्के होण्यास काही महिने लागतात. भार वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड तात्पुरते कमजोर असू शकते ते यामुळेच, आणि नेमक्या याच काळात धावपटूला आपण नव्या भाराला सरावलो असे वाटू लागते.

परतण्याची माझी कसोटी अशी आहे. रोजचे चालणे सलग काही दिवस पूर्णपणे वेदनारहित असावे, अर्धा तास झपझप चालून दुखू नये, एका पायावर टाच वर उचलण्याच्या वीस-पंचवीस आवृत्त्या दोन्ही पायांनी सारख्याच जमाव्यात आणि त्या पायावरच्या उड्या विनातक्रार व्हाव्यात. त्यानंतर एक मिनिट धाव, एक मिनिट चाल अशी वीस मिनिटे, तीही एक दिवसाआड. नडगीसाठी वेग हा भारच असतो, म्हणून आधी वेळ वाढवावा आणि वेग सर्वांत शेवटी. पाऊल थोडे आखूड टाकून मिनिटाला पडणारी पावले ५ ते १० टक्क्यांनी वाढवली तर प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो. गुडघा आणि खुबा यांच्यावरील भार यामुळे घटतो हे मोजून पाहिलेले आहे आणि नडगीच्या रुग्णांमध्येही मी हा बदल करवून घेतो.

अकिलीसने त्रस्त वाचक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय तोच आहे. मला टाचेच्या वर, अकिलीस टेंडनमध्ये सकाळी ताठरपणा जाणवतो. धावायला लागलो की तो कमी होतो. मीही पूर्ण थांबावे का?

फिजिओथेरपिस्ट

नाही, आणि म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले की दुखते ते काय, हे आधी ठरवावे. टेंडनला पूर्ण विश्रांती मानवत नाही. विश्रांतीत दुखणे कमी होते, पण टेंडनची भार पेलण्याची क्षमताही कमी होते आणि परतल्यावर तेच दुखणे पुन्हा उभे राहते. स्वीडनमधील कारिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात अकिलीसच्या रुग्णांच्या एका गटाला उपचाराच्या व्यायामासोबत धावणे-उड्या चालू ठेवू दिले आणि दुसऱ्या गटाला पहिले सहा आठवडे तसे करू दिले नाही. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. धावणे चालू ठेवणाऱ्यांना अट होती. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दुखणे पाचाच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरलेले असावे, आणि आठवड्यामागून आठवडा दुखणे किंवा ताठरपणा वाढत जाऊ नये.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या दिवशीची सकाळ हाच खरा निकाल आहे. धावताना काय वाटले याला कमी महत्त्व द्या, कारण टेंडन गरम झाला की गप्प बसतो. पोटऱ्यांचे वजनासह व्यायाम चालू ठेवा. दुखणे टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतो तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. चढाचे आणि वेगाचे सराव तूर्त बाजूला ठेवा.

हा पाचाचा नियम धागालेखिकेने मात्र वापरू नये. हाडाच्या दुखण्यात मी शून्याच्या वर काहीही मान्य करत नाही.

धागालेखिका

हे फार स्पष्ट झाले. मग नऊ आठवड्यांचे वेळापत्रक नव्याने कसे मांडावे? दर आठवड्याला १० टक्के वाढ हा नियम पाळला तर मी स्पर्धेपर्यंत पंधरा किलोमीटरच्याही पुढे जात नाही.

प्रशिक्षक

दहा टक्क्यांच्या नियमाविषयी आधी थोडे सांगतो, कारण तो जितका प्रसिद्ध आहे तितका भक्कम नाही. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवख्या धावपटूंच्या एका गटाला दहा टक्क्यांच्या बेताने वाढणारा १३ आठवड्यांचा आणि दुसऱ्याला अधिक वेगाने वाढणारा ८ आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता. दुखापतीचे प्रमाण दोन्हीकडे २० टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखेच राहिले. चालू आठवड्याच्या भाराला मागील चार आठवड्यांच्या सरासरीने भागून ०.८ ते १.३ ही सुरक्षित मर्यादा मानण्याची पद्धतही मध्यंतरी फार गाजली आणि पुढे तिच्या गणितावरच गंभीर आक्षेप घेतले गेले.

२०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदींवर आधारित जो अभ्यास आला, त्याने लक्ष आठवड्याच्या बेरजेवरून एकेका धावेकडे वळवले. मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक लांब धाव घेतली की दुखापतीचा धोका वाढलेला दिसला, आणि दुपटीहून लांब धावेत तो सर्वाधिक होता. आठवड्याच्या बेरजेतील वाढीचा तसा संबंध दिसला नाही.

आता हे धागालेखिकेच्या हिशेबाला लावून पाहू. आज तिच्या नावावर २६ किलोमीटर आहेत, पण दोन आठवडे थांबून हळूहळू परतल्यावर ती २६ ची धाव ३० दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडलेली असेल. अशा वेळी जुन्या वेळापत्रकातील ३० किलोमीटर 'ठरले होते म्हणून' पळणे ही या सगळ्यातील सर्वांत घातक चाल ठरेल. चुकलेले किलोमीटर भरून काढायचे नसतात. ते गेले असे समजावे.

माझी मांडणी अशी राहील. पहिला आठवडा फक्त पाणी आणि सायकल. दुसऱ्यात कसोट्या पार पडल्या तरच चाल-धाव. तिसऱ्या आठवड्यापासून लांब धाव अनुक्रमे १०, १३, १७, २१ आणि २५ किलोमीटर, आणि मग शेवटचे दोन आठवडे टेपर, म्हणजे स्पर्धेपूर्वी सराव कमी करणे. आठवड्यात तीनच दिवस धाव, उरलेल्यांपैकी दोन दिवशी सायकल, म्हणजे दोन धावांमध्ये नडगीला निदान एक दिवस मिळतो. टेम्पो आणि इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेले वेगाचे तुकडे) सहाव्या आठवड्यापर्यंत पाण्यातच. यात दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते हे उघड आहे आणि ती जोखीम मी लपवत नाही. ती थोडी कमी व्हावी म्हणून या सर्व लांब धावा सुरुवातीपासून नऊ मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल अशा घ्याव्यात. कोणत्याही टप्प्यावर नडगी बोलली तर तोच टप्पा पुढच्या आठवड्यात पुन्हा करावा, पुढचा नव्हे. ३२ चा आकडा विसरावा.

जुने धावपटू

२५ किलोमीटरच्या तयारीवर ४२ कसे काढणार? ३० ची भिंत आधी एकदा तरी अनुभवलेली असावी असे आम्ही मानत आलो.

प्रशिक्षक

वेळेचे उद्दिष्ट सोडले तर काढता येतात. पहिली मॅरेथॉन तिने पूर्ण केलेली आहे, त्यामुळे भिंत तिला अनोळखी नाही. ३० किलोमीटरनंतरचा थकवा हा बऱ्याच अंशी शरीरातील साठवलेली साखर संपण्याचा असतो, आणि त्यावर आवरता वेग आणि धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हा उपाय दुखऱ्या पायाने केलेल्या आणखी एका लाँग रनपेक्षा स्वस्त पडतो.

एक वाचक, स्वतः धावपटू

धागालेखिकेला एक प्रश्न विचारणे आवश्यक वाटते, तो खाजगी आहे, उत्तर इथे दिले नाही तरी चालेल. सराव वाढल्यापासून वजन उतरले आहे का, आणि मासिक पाळी अनियमित झाली आहे का? खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला तर शरीर संप्रेरकांच्या पातळीवर काटकसर सुरू करते आणि त्याची किंमत हाडे मोजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला रेड-एस असे नाव दिले. ती पुरुषांमध्येही आढळते. वेळापत्रक कितीही नीट आखले तरी उपाशी हाड दुरुस्त होत नाही. विश्रांतीच्या आठवड्यात धावत नाही म्हणून जेवण कमी करणे ही तर फार प्रचलित चूक आहे.

अकिलीसने त्रस्त वाचक

स्पर्धेच्या दिवसापुरती वेदनाशामक गोळी घेतली तर?

फिजिओथेरपिस्ट

घेऊ नये. पहिले कारण असे की वरची सगळी पद्धत दुखण्याच्या खुणेवर चालते आणि गोळी तीच खूण पुसते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आयब्युप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. कित्येक तासांचे धावणे, घाम आणि पाण्याची कमतरता यांच्या जोडीला ते आले की मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो, आणि पोटाचा त्रास वेगळाच. ब्रिटनच्या मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमारे ३६ किलोमीटरवर थांबल्या, त्याआधीचे काही दिवस पायाच्या दुखापतीसाठी त्या अशीच दाहशामक औषधे मोठ्या प्रमाणात घेत होत्या आणि त्यामुळे अन्न पचेनासे झाले होते, असे त्यांनीच नंतर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, म्हणजे उणीव क्षमतेची नव्हती.

धागालेखिका

आहाराविषयीचा प्रश्न अगदी योग्य जागी लागला आहे. त्यावर डॉक्टरांशी बोलते आहे. वेळापत्रक प्रशिक्षकांनी मांडल्याप्रमाणे सुरू करते. शेवटची शंका: टेपरमध्ये किती कमी करावे, आणि स्पर्धेत उतरायचे की नाही हे कधी ठरवावे?

प्रशिक्षक

टेपरवरील २००७ मधील एका एकत्रित विश्लेषणात सर्वाधिक फायदा साधारण दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये दिसला, ज्यात एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी घटवले होते आणि वेग व धावण्याचे दिवस तसेच ठेवले होते. तुमचे अंतर आधीच कमी झालेले असेल, म्हणून मी तुम्हाला एकदम निम्म्यावर आणणार नाही. पहिल्या आठवड्यात एक तृतीयांश कमी, दुसऱ्यात निम्मे. लांब धाव १४ आणि मग ८.

निर्णय सातव्या आठवड्यातील २५ किलोमीटरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा, स्पर्धेच्या आदल्या रात्री नव्हे, कारण तोपर्यंत प्रवास, नोंदणी आणि लोकांना सांगून झालेले असणे यांचे वजन इतके वाढते की पायाचे कोणी ऐकत नाही. त्या सकाळी नडगी दाबून दुखत नसेल आणि चालणे स्वच्छ असेल तर उतरावे. दुखत असेल तर त्याच संयोजकांची अर्धमॅरेथॉन असल्यास त्यात नाव बदलून घेता येते का ते पाहावे, नाहीतर नोंदणी पुढच्या वर्षावर टाकावी.

फिजिओथेरपिस्ट

त्यात एवढीच भर. उतरलात आणि वाटेत दुखू लागले, तर दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा चालीकडे लक्ष द्या. तो पाय वाचवण्यासाठी पाऊल वेगळे पडू लागले, लंगडेपणा आला, किंवा पसरलेले दुखणे एका बिंदूवर येऊन टोचू लागले, तर पुढच्या मदतकेंद्रावर थांबावे, मग ते ८ किलोमीटरवर असो वा ३८ वर.